मात्रा आणि मर्यादा

मराठी भाषेत 'मात्रा' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वैद्याने दिलेल्या औषधालाही मात्रा म्हणतात आणि त्या औषधाच्या प्रमाणालाही मात्राच म्हणतात. बाळगुटी उगाळणारी आजी सहाणेवर कोणत्या मुळीचे किती वेढे घ्यावयाचे याचा हिशेब बाळाच्या वयावरून ठेवीत असे. एखादा वेढा अधिक झाला तर गुण येण्याऐवजी बाधाच व्हावयाची, हे तिला ग्रंथ वाचून कळलेले नव्हते. पिढ्यांच्या अनुभवाने ते तिच्या हातात उतरलेले होते. औषध आणि त्याचे प्रमाण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हा विचार आपल्या भाषेने असा एका शब्दात साठवून ठेविला आहे. विसाव्या शतकातील एका विलक्षण औषधाचा इतिहास म्हणजे या एका शब्दावरील भाष्यच होय. हे औषध म्हणजे अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक आणि त्याच्या धर्तीवर प्रयोगशाळांत घडविलेली स्टेरॉइड औषधे. त्यांचा जन्म लंडन, बाझेल आणि अमेरिकेतील रॉचेस्टर या दूरच्या नगरांत झाला. परंतु त्या इतिहासातील एक करुण अध्याय भारतातील अनेक शहरांप्रमाणे नर्मदाकाठच्या जबलपुरातही लिहिला गेला.

जबलपूर मराठी माणसाला परके नाही. १७८१ साली हा मुलूख मराठ्यांच्या ताब्यात आला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ साली इंग्रजांच्या हाती पडला. १८७० साली मुंबईहून निघालेला आणि कलकत्त्याहून आलेला असे दोन लोहमार्ग याच शहरात एकमेकांस मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि वऱ्हाड-नागपूरचे मराठी जिल्हे व जबलपूर एकाच राज्यात नांदत होते. त्याच जुन्या राज्यात, १९५५ साली, जबलपुरास वैद्यकीय महाविद्यालय निघाले. नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या संस्थेस पुढे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. आणि ते यथोचितही होते, कारण मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळच्या त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात अध्यक्ष सुभाषबाबू तापाने फणफणत असतानाच उपस्थित राहिले होते.

१९५५ हे साल वैद्यकाच्या इतिहासातही लक्षात ठेवण्याजोगे आहे. अधिवृक्क ग्रंथींच्या रोगाचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाल्यास त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे पुरी झाली. प्रेडनिसोन हे नवे, प्रभावी आणि पुढे स्वस्त झालेले स्टेरॉइड त्याच वर्षी बाजारात आले. आणि त्याच वर्षी, दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून ॲम्फोटेरिसिन हे बुरशीनाशक औषध हाती आले. महाविद्यालय, स्टेरॉइड आणि बुरशीनाशक यांची ही जन्मवर्षाची जुळणी निव्वळ योगायोगाची होती. सहासष्ट वर्षांनी ही तिन्ही एकाच रुग्णशय्येपाशी भेटतील, हे त्या वेळी कोणास सुचणे शक्य नव्हते.

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपी घालावी तशी एक लहानशी ग्रंथी असते. वजन अवघे चारपाच ग्रॅम. शेकडो वर्षे शरीरविच्छेदन करणाऱ्यांनी ती पाहिली, तिची चित्रे काढली. परंतु ती कशासाठी आहे हे कोणालाच सांगता आले नाही. लंडनच्या गाय रुग्णालयातील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. काही रुग्ण कोणत्याही उघड कारणावाचून क्षीण होत जातात, त्यांची अन्नावरची वासना उडते, नाडी मंदावते, त्वचा काळवंडते आणि अखेर ते मृत्यू पावतात. मरणोत्तर तपासणीत त्यांच्या या ग्रंथी नष्ट झालेल्या आढळतात, असे त्यांनी दाखविले. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार या शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या या ग्रंथी काढून टाकल्या आणि ते प्राणी थोड्याच अवधीत मेले. ज्या अवयवाची कोणी गणना करीत नव्हते, त्यावाचून जगणेच अशक्य आहे असे सिद्ध झाले.

या ग्रंथीचे दोन भाग असतात, गाभा आणि त्याभोवतीचे कवच. १८९४ साली ऑलिव्हर आणि शेफर यांनी ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने चढतो असे दाखविले आणि त्यातून ॲड्रिनलीनचा शोध लागला. हे द्रव्य गाभ्यातील होते. त्याच्या झगमगाटापुढे कवच जवळजवळ तीस वर्षे उपेक्षित राहिले. वस्तुतः जीव तगवून धरणारे द्रव्य कवचातच होते. १९३० च्या सुमारास स्विंगल आणि फिफ्नर यांनी कवचाचा असा अर्क तयार केला की, ग्रंथी काढलेले प्राणी त्यावर जगू लागले आणि ॲडिसनच्या रोगाने खाटेला खिळलेली माणसे काही काळ उठून बसू लागली. अर्कात नेमके काय आहे हे शोधण्याचे काम मग रसायनवेत्त्यांकडे आले. रॉचेस्टरच्या मेयो चिकित्सालयात एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडात टाडेउश राइखस्टाइन यांनी कत्तलखान्यांतून आणलेल्या गुरांच्या ग्रंथी अक्षरशः टनावारी पिळून काढल्या. एवढ्या खटाटोपातून हाती लागत असे ते चिमूटभर स्फटिक. त्या स्फटिकांतील एकाला केंडॉल यांनी 'संयुग ई' असे रूक्ष नाव दिले. पुढे जग त्याला कॉर्टिसोन या नावाने ओळखू लागले.

त्याच मेयो चिकित्सालयात फिलिप हेंच नावाचे संधिवाताचे वैद्य होते. १९२९ साली एक पासष्ट वर्षांचा रुग्ण त्यांच्याकडे आला. तो स्वतः डॉक्टर होता. आपल्याला कावीळ झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून सांध्यांच्या वेदना थांबल्या, असे त्याने सांगितले. दुसऱ्या कोणी हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. हेंच यांनी ती गोष्ट टिपून ठेविली आणि पुढे तशीच अनेक उदाहरणे जमा केली. गर्भारपणातही संधिवात असाच मावळतो आणि बाळंतपणानंतर परत येतो, हे त्यांच्या ध्यानी आले. ज्या रोगाला तोपर्यंत एकदिशेने वाढत जाणारा मानीत, तो शरीरातीलच एखाद्या द्रव्याने मागे हटू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. ते द्रव्य केंडॉल यांचे संयुग ई असेल काय, अशी शंका दोघांनाही आली. परंतु ते आजमावून पाहण्यापुरते संयुग जगात कोठेच नव्हते.

ते निर्माण झाले ते एका अफवेमुळे. शत्रूचे वैमानिक अधिवृक्क ग्रंथींचा अर्क घेऊन विरळ हवेत उंच उडतात, अशी बातमी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पसरली. ती खोटी होती. परंतु तिच्यामुळे सरकारने या संशोधनाला पैसा आणि अग्रक्रम दिला. मर्क कंपनीतील तरुण रसायनवेत्ता लुइस सॅरेट याने बैलाच्या पित्तातील एका आम्लापासून आरंभ करून, छत्तीस पायऱ्यांची वाट तुडवीत, १९४४ च्या अखेरीस संयुग ई चे काही मिलिग्रॅम बनविले. १९४८ पर्यंत काही ग्रॅमांपर्यंत मजल गेली. २१ सप्टेंबर १९४८ रोजी हेंच यांनी एका एकोणतीस वर्षांच्या स्त्रीला त्याचे पहिले इंजेक्शन दिले. संधिवाताने तिला अंथरुणातून हलणेही अवघड झाले होते. तीनचार दिवसांत तिच्या सांध्यांचा ताठरपणा सैल झाला आणि आठवडा संपताना ती गावात जाऊन तीन तास बाजारहाट करून आली. एप्रिल १९४९ मध्ये ही वार्ता जाहीर झाली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोध आणि पारितोषिक यांमधले अंतर इतके थोडे असण्याचे प्रसंग विरळाच.

पांगळ्यांना चालविणारे औषध सापडले, या आनंदात जगाने एक गोष्ट दुर्लक्षिली. स्वतः हेंच यांनी मात्र ती प्रारंभीच पाहिली होती. औषध थांबविले की दुखणे परत येत असे, आणि चालू ठेविले की निराळेच विकार उभे राहात. तोंड सुजून वाटोळे होई, पाठीवर चरबी साचे, हाडे ठिसूळ होत, रक्तातील साखर वाढे, कोणाचे मन भलतेच उल्हसित होई तर कोणाचे खचून जाई. ही लक्षणे नवी नव्हती. ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक रोगामुळेच अतोनात वाढते, अशा माणसांचे असेच वर्णन हार्वी कुशिंग यांनी १९३२ साली केले होते. ॲडिसन यांनी संप्रेरकाचा दुष्काळ वर्णिला, कुशिंग यांनी अतिवृष्टी वर्णिली. नवे औषध रुग्णाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत होते.

याहून एक सूक्ष्म धोका होता. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर आपली ग्रंथी चालविण्याचे थांबवते आणि काही आठवड्यांत ती आक्रसते. मग औषध एकाएकी बंद केले तर रुग्ण कृत्रिमरीत्या ॲडिसनच्या रोगात लोटला जातो. १९५२ साली अशाच एका संधिवाताच्या रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि स्टेरॉइड हळूहळू, पायरीपायरीने उतरवावे हा नियम वैद्यांनी शिकून घेतला. १९५४ साली इंग्लंडात कॉर्टिसोन आणि साधी ॲस्पिरिन यांची संधिवातावर तुलना करण्यात आली, तेव्हा वर्ष-दोन वर्षांच्या हिशेबात दोहोंत फारसा फरक आढळला नाही. पाच वर्षांपूर्वीचा चमत्कार असा जमिनीवर आला.

या औषधाच्या स्वभावाचे मर्म येथेच आहे. ते रोगाचे मूळ उपटीत नाही. शरीरात शत्रू शिरला, किंवा शिरल्याचा भास झाला, म्हणजे शरीराचे रक्षक जी धावपळ करतात, जो दाह उत्पन्न करतात, त्याला ते शांत करते. घरात चोर शिरला म्हणून रखवालदारांनी हातातील मशालींनी घरच पेटवून द्यावे, असा प्रकार काही रोगांत घडतो. तेथे रखवालदारांना आवरणारा धनी हवाच. परंतु चोर दारातच असताना रखवालदारांना झोपविले, तर चोराला रान मोकळे होते. आणि ते झोपले आहेत हे पाहून दुसराही चोर भिंत चढून येतो. केव्हा आवरावे आणि केव्हा आवरू नये, हे औषधाला कळत नाही. ते देणाऱ्याला कळावे लागते.

औषध जोवर दुर्मिळ होते तोवर त्याचा दुरुपयोगही दुर्मिळ होता. आरंभी एका ग्रॅमला दोनशे डॉलर पडत. ते स्वस्त कसे झाले, ही कथाही मनोरंजक आहे. रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतील रानकंदांतून स्टेरॉइडांचा कच्चा माल काढून दाखविला. पर्सी ज्युलियन या कृष्णवर्णीय रसायनवेत्त्याने तो सोयाबीनच्या तेलातून मिळविला. भारतातही अशा वनस्पती आहेत. सातपुड्याच्या आणि कोकणच्या रानांत पावसाळ्यात पांढऱ्या फुलांनी उठून दिसणारे पेव, ज्याला जबलपूरकडे केवकंद म्हणतात, त्याच्या कंदात हेच डायोसजेनिन द्रव्य असते. परंतु कंदातून मिळालेल्या द्रव्याला कॉर्टिसोनचे रूप द्यावयाचे तर त्याच्या अणुरचनेत अकराव्या स्थानी प्राणवायूचा एक अणू बसवावा लागे, आणि तेच काम रसायनवेत्त्यांच्या हातून सुखासुखी होत नव्हते. १९५२ साली मिशिगनमधील अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी ते एका बुरशीकडून करवून घेतले. शिळ्या भाकरीवर किंवा नासक्या फळावर जी करडी-काळी लव उगवते, त्याच कुळातील ती बुरशी. तिचे नाव रायझोपस. जे करावयास माणसाला अनेक पायऱ्या चढाव्या लागत, ते तिने एका पायरीत केले. काही वर्षांत औषधाची किंमत कोसळली. १९५५ साली शेरिंग कंपनीने दुसऱ्या एका जीवाणूच्या साह्याने प्रेडनिसोन बाजारात आणले, आणि १९५८ साली डेक्सामेथासोन आले.

या नव्या औषधांचे बळ आकड्यांत पाहण्यासारखे आहे. निरोगी माणसाची अधिवृक्क ग्रंथी दिवसाकाठी साधारण दहा ते वीस मिलिग्रॅम कॉर्टिसॉल निर्माण करते, त्यातही पहाटे अधिक आणि मध्यरात्री अगदी थोडे. वीस मिलिग्रॅम कॉर्टिसॉल जे काम करते, ते पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन करते आणि अवघे पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन करते. म्हणजे डेक्सामेथासोनच्या सहा मिलिग्रॅमांत निरोगी शरीराची आठ दिवसांची पुंजी सामावलेली असते. मोहरीएवढ्या गोळीत इतके सामर्थ्य असेल, तर ती गोळी सहजासहजी हातात येणे हे वरदान म्हणावे की संकट, हा प्रश्न उभा राहतो.

वरदान तर ते नि:संशय आहे. ॲडिसनचा रोग, जो एकेकाळी मृत्युलेख होता, त्याचे रुग्ण आज रोजच्या गोळ्यांवर संसार करतात. दम्याच्या प्राणांतिक झटक्यात, मूत्रातून प्रथिने वाहून जाणाऱ्या बालकांच्या विकारात, क्षयाने मेंदूच्या आवरणास झालेल्या दाहात या औषधाने असंख्य जीव वाचविले आहेत. कुष्ठरोगावर औषध सुरू असताना काही रुग्णांच्या मज्जातंतूंना एकाएकी दाह होतो आणि हातपाय लुळे पडतात. वेळेवर दिलेल्या प्रेडनिसोलोनने ते हात वाचतात, हे महाराष्ट्रातील कुष्ठसेवकांना चांगले ठाऊक आहे. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी दाखविले की, दिवस भरण्यापूर्वी प्रसूत होऊ घातलेल्या मातेला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली तर बाळाची फुफ्फुसे लवकर पक्व होतात. गरीब देशांतील रुग्णालयांत हे लागू पडेल काय, ही शंका पुष्कळ वर्षे राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ती फेडली. या चाचणीच्या भारतीय केंद्रांत बेळगावही होते. डेक्सामेथासोन मिळालेल्या मातांच्या नवजात बालकांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १९.६ होते, न मिळालेल्यांत २३.५. येथे औषध तेच, परंतु मात्रा बांधलेली, वेळ बांधलेली आणि रुग्ण निवडलेला.

दुसरी बाजूही विसरता येत नाही. स्टेरॉइडाने दोन दिवसांत वेदना थांबते, भूक लागते, अंगात हुशारी येते. रोगी खूष आणि औषध देणाराही खूष. त्यामुळे सांधेदुखीच्या आणि दम्याच्या निनावी पुड्यांत ते गुपचूप मिसळले जाऊ लागले. नायट्यावर आणि गोरेपणासाठी लावावयाच्या मलमांतून ते घरोघर पोहोचले; त्वचा पातळ झाली, नायटा हटेनासा झाला. अखेर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. एकंदरीत, २०२० साल उजाडले तेव्हा हे औषध भारतीय समाजाच्या ओळखीचे होते, पण त्याच्या स्वभावाची ओळख मात्र थोड्यांनाच होती.

२० मार्च २०२० रोजी मध्य प्रदेशातील करोनाचे पहिले चार रुग्ण आढळले ते जबलपुरातच. आदिवासींच्या आरोग्याच्या संशोधनासाठी १९८४ साली या शहरात स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या प्रयोगशाळेवर नमुने तपासण्याचा भार पडला. त्या वेळी जगाच्या हाती या रोगावर एकही सिद्ध औषध नव्हते. १६ जून २०२० रोजी इंग्लंडातील 'रिकव्हरी' चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. दररोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, अधिकाधिक दहा दिवस. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४१.४ वरून २९.३ वर आले. नुसता प्राणवायू लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३ वर. परंतु ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांत लाभ दिसला नाही. उलट औषध मिळालेल्यांत मृत्यू शेकडा १७.८ आणि न मिळालेल्यांत १४.० होते. त्याच महिन्याच्या २७ तारखेस भारत सरकारच्या उपचारसंहितेत या औषधाचा समावेश झाला. रोगाच्या पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि रक्षक जागे असावे लागतात. दुसऱ्या आठवड्यात कित्येकदा रक्षकच फुफ्फुस जाळू लागतात. औषधाची जागा या दुसऱ्या मुक्कामावर होती. चाचणीचे पहिले दोन आकडे लोकांनी ऐकले. तिसरा आकडा फारसा कोणी ऐकला नाही.

एप्रिल आणि मे २०२१ मध्ये दुसरी लाट आली. रुग्णालयांत खाट नाही, प्राणवायू नाही, डॉक्टरांना उसंत नाही. अशा वेळी औषधांच्या याद्या हातोहात, दूरध्वनीवरून दूरध्वनीवर फिरू लागल्या. एकास दिलेली चिठ्ठी चौघांनी वापरली. प्राणवायू उत्तम असलेल्या माणसाने ताप येताच पहिल्या दिवशी स्टेरॉइड सुरू केले. सहाऐवजी अनेक पटींनी मोठी मात्रा घेतली. दहा दिवसांचे तीन आठवडे झाले. साखर वाढते आहे की नाही हे पाहणारे कोणी नव्हते. यात दोष एकट्याचा नव्हता. घरातील माणूस धापा टाकीत असता, दहा रुपयांत मिळणारी गोळी समोर असता ती हाती घेऊ नये, असा धीर त्या दिवसांत कोणापाशी उरला असेल?

मग काळी बुरशी आली. म्यूकरमायकोसिस हा रोग भारतात नवा नव्हता. मधुमेह आवाक्यात नसलेल्यांत तो पूर्वीही इतर देशांहून पुष्कळ अधिक आढळत असे. नाकावाटे शिरलेली बुरशी गालाच्या पोकळ्यांतून डोळ्याकडे आणि डोळ्यांतून मेंदूकडे सरकते, रक्तवाहिन्या बुजवते आणि वाटेतले मांस काळे पडते. २८ जून २०२१ पर्यंत देशात ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली आणि ३,१२९ जण दगावले. या रुग्णांपैकी ३४,९४० जणांना करोना झालेला होता, २६,१८७ जणांना मधुमेह होता आणि २१,५२३ जणांनी स्टेरॉइड घेतलेले होते. मे महिन्यात मध्य प्रदेश सरकारने या रोगासाठी भोपाळ आणि जबलपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांत स्वतंत्र कक्ष उघडले. मंडला, डिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर या जिल्ह्यांना ज्या रुग्णालयाचा आधार, तेथे करोनातून वाचून घरी गेलेली माणसे चेहरा सुजलेल्या अवस्थेत परत येऊ लागली. कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सकांनी मेलेले मांस खरवडून काढावयाचे, जबड्याचा भाग काढावयाचा, कधी जीव राखण्यासाठी डोळाच काढावयाचा, असा तो काळ होता.

शस्त्रक्रियेच्या जोडीला औषध होते ते १९५५ सालचे ॲम्फोटेरिसिन. त्याच्या सौम्य रूपाचा देशभर तुटवडा पडला. जे जुने रूप उपलब्ध होते ते थंडी-ताप भरविणारे आणि मूत्रपिंडांना इजा करणारे; जूनच्या आरंभी जबलपूर आणि सागर येथे अनेक रुग्णांना इंजेक्शनानंतर हुडहुडी, ताप आणि वांत्या झाल्या व तेथे त्याचा वापर थांबवावा लागला. या जुन्या रूपात औषध पाण्यात विरघळावे म्हणून पित्तातील एक क्षार घातलेला असतो. सॅरेट यांनी ज्या पित्ताम्लापासून पहिले कॉर्टिसोन बनविले, त्याचाच तो क्षार. आणि भारतातील या रोगास बहुतांशी कारण होणारी बुरशी कोणती? रायझोपसच. १९५२ साली ज्या कुळातील बुरशीने मानवाला स्टेरॉइड स्वस्त करून दिले, त्याच कुळाने त्या स्वस्ताईची किंमत २०२१ साली मागून घेतली. यात निसर्गाचा सूड पाहण्याचे कारण नाही. बुरशी तेव्हाही आपला धर्म पाळीत होती आणि नंतरही. कढईत बंद केलेला विस्तव अन्न शिजवितो आणि छपरावर पडलेला घर जाळतो. विस्तव एकच असतो.

तथापि सारा दोष स्टेरॉइडाच्या माथी मारणेही न्यायाचे होणार नाही. वरील आकडेच सांगतात की, जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या नोंदीत हे औषध नव्हते. निदान न झालेला किंवा दुर्लक्षिलेला मधुमेह, करोनाने स्वतःच बिघडविलेली साखर आणि प्राणवायूची कमतरता यांनीही बुरशीला वाट करून दिली. देशातील सोळा केंद्रांनी २०२० च्या अखेरच्या महिन्यांतील रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा करोनानंतर काही काळाने होणाऱ्या या रोगाशी संबंध आढळला तो स्टेरॉइडच्या अयोग्य वापराचा. 'अयोग्य' हे विशेषण येथे महत्त्वाचे आहे. योग्य वेळी, योग्य प्रमाणात आणि साखरेवर नजर ठेवून दिलेल्या त्याच औषधाने त्याच जबलपुरात, त्याच दिवसांत, प्राणवायूवर धडपडणारी कितीतरी माणसे परत आणली. औषधाची निंदा करून ते टाकून देणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरली असती. आणि भीतीपोटी दम्याचे किंवा ॲडिसनचे रुग्ण आपल्या गोळ्या एकाएकी बंद करतील, तर तीही प्राणावर बेतणारी गोष्ट होय.

ॲडिसन यांच्या पुस्तकापासून जबलपूरच्या त्या कक्षापर्यंत एकशे सहासष्ट वर्षांचा हा प्रवास आहे. या काळात मानवाने एका अनामिक ग्रंथीचे रहस्य उलगडले, तिचा रस स्फटिकात बांधला, पित्तापासून, कंदापासून आणि बुरशीकडून तो घडवून घेतला आणि लक्षावधींच्या ओंजळीत घातला. प्रत्येक पायरीवर त्याचे बळ वाढले आणि मोल उतरले. परंतु ते केव्हा, किती आणि किती दिवस घ्यावे, याचे ज्ञान त्याच वेगाने स्वस्त झाले नाही. ते आजही शिकलेल्या, सावध आणि रुग्णाजवळ बसण्यास सवड असलेल्या वैद्यापाशीच मिळते. जेथे असा वैद्य पोहोचत नाही तेथे गोळी मात्र पोहोचते. हे अंतर भरून काढणे, खेड्यापाड्यांत साखर मोजणारा आणि 'आता पुरे' असे सांगणारा माणूस असणे, हेच या औषधाच्या इतिहासातील अपुरे राहिलेले संशोधन होय. सहाणेवरील वेढे मोजणाऱ्या आजीपाशी औषध थोडे होते, परंतु ते किती द्यावयाचे हे तिला पक्के ठाऊक होते.